परतूरचा लेखक, प्रागची वाचक

समस्त परतूरकरांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, ज्या इसमाची कादंबरी न वाचल्यामुळे आपण गेली आठ-नऊ वर्षं त्याच्या नजरेला नजर देत नव्हतो, तो इसम, जनार्दन मास्तर, गेल्या महिन्यात वारला आहे. तरी आता सर्वांनी बाजारपेठेतून बिनघोर फिरावे... दवंडी मी पिटतोय, कारण नजर चुकवण्यात मी सगळ्यांच्या पुढे होतो.

जनू आणि मी एकाच शाळेत मास्तर. गावच्या नाटकात राजाचं काम कायम माझ्याकडे, म्हणून तो मला 'राजे' म्हणायचा. निजामाच्या राज्यात आम्ही दोघं उर्दूतून शिकलो. मराठी लिहायला तो आपलं आपण शिकला आणि ते राज्य गेल्यावर दोन-तीन वर्षांत त्यानं 'गठाण' लिहून पुण्याहून छापून आणली. कापसाच्या जिनिंगमध्ये एका बाईवर दाबून बांधलेल्या रुईची भलीमोठी गठाण कोसळते, ती मरते, आणि मालक सगळं दाबून टाकतो, अशी ती गोष्ट. बाई आमच्याच गावची होती. जिनिंगही आमच्याच गावचं. जिनिंगचे मालक शेठ वाचतील आणि आपली नोकरी जाईल, अशी जनूला धास्ती होती. वर्ष गेलं, दोन गेली, शेठ रस्त्यात भेटले की हसून रामराम करत राहिले, आणि त्या धास्तीची हळूहळू आशा झाली. "राजे," तो एकदा म्हणाला, "शेठनं मारायला मानसं धाडली असती तरी चाललं असतं. कुनीतरी वाचलं तरी असतं!"

मग प्रागहून पत्र आलं. तिथल्या विद्यापीठात मराठी शिकवणाऱ्या एका बाईंना 'गठाण' कुठूनशी मिळाली होती आणि ती त्यांना आपल्या भाषेत, चेकमध्ये, आणायची होती. पत्रभर शंका होत्या. 'आपण लिहिता, ती रडून राह्यली. म्हणजे रडून झाल्यावर ती तिथेच राहिली काय?' ते वाचून जनू डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "आता हिला कसं सांगू? अरे, रडून राह्यली म्हंजे रडत होती!" डोळे पुसले. मग म्हणाला, "पर बराबर हाय तिचं. तिथंच ऱ्हायली ती बाई." पुढं वर्षभर तो ती पत्रं खिशात घेऊन हिंडला. एका एका शब्दाला चार चार पानी उत्तरं लिहायचा. इतका सुखी मी त्याला कधी पाहिला नव्हता.

कादंबरी तिकडे छापून आली आणि गावात बातमी पसरली की मास्तरांचं पुस्तक चेकमध्ये आलं. शेठनी त्याला भर पेठेत थांबवून विचारलं, "चेक कोणत्या बँकेचा हाय, मास्तर?" समजुतीचा घोळ निस्तरेपर्यंत सत्कार ठरूनही गेला होता. जागा जिनिंगचं आवार, अध्यक्ष खुद्द शेठ! ज्या माणसाविरुद्ध पुस्तक लिहिलं, त्याच माणसानं जनूच्या गळ्यात हार घातला, आणि मुख्य वक्ता म्हणून मी पाऊण तास बोललो. गठाण म्हणजे मानवी मनाची निरगाठ, असं मी हात उंचावून सांगितलं. टाळ्या पडल्या. परतताना जनू म्हणाला, "राजे, गठाण म्हंजे गठाणच हाय त्याच्यात. रुईची."

"तेच तर म्हणालो मी!"

तो हसला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तो माझ्या घरी आला. प्रागच्या बाईंची प्रत विद्यार्थ्यांनी हाताळून हाताळून फाटली होती. त्यांना दुसरी हवी होती. पुण्याचा प्रकाशक धंदा बंद करून बसलेला, जनूकडची शेवटची प्रत कधीच कुणीतरी नेलेली. "तुझी देतो का?" मी रुबाबात फळीवरून काढून दिली. पहिल्या पानावर त्याच्याच हातचं, 'राजे यांस, आधी तुम्ही वाचावी म्हणून.' त्यानं पान उलटायला बोट घातलं, ते आत जाईना. त्या पुस्तकाची पानं कडेला जोडलेलीच आली होती. वाचणाऱ्यानं सुरीनं कापून घ्यायची होती. माझ्या प्रतीचं एकही पान कापलेलं नव्हतं.

त्यानं पुस्तक मिटलं, धोतराच्या सोग्यानं धूळ पुसली. "बरं झालं," म्हणाला. "नवी कोरी हाय. तिथल्या पोरांना चांगली पुरल."

परतुरातली ती शेवटची प्रत. आज मला वाचायचीय, तर गावात त्याच्या घरी ते चेकमधलं पुस्तक तेवढं आहे, आणि त्यातलं अक्षर मला लागत नाही. पण तेव्हा तो उंबऱ्याशी पोचला होता, आणि रंगमंचावर कधी वाक्य न विसरलेला मी मागून ओरडलो, "ने खुशाल, जनू! मी भाषांतरच वाचणार होतो!"