पान उलटायला कोणीतरी

आमच्या घरी संगीताचं एक मासिक यायचं. चाकणहून पहिली शिफ्ट संपवून परतताना मी ते चिंचवडच्या पेपरवाल्याकडून घ्यायचो. त्यात दर महिन्याला दोन-तीन गाण्यांची स्वरलिपी असायची आणि माझी पेटी तिच्यावरच चालायची. कानाने ऐकून वाजवणं हा प्रकार देवाने मला दिलेलाच नाही. समोर छापील सा दिसला तरच माझं बोट सा वर जातं, तेही विचार करून.

पेटी वाजवताना डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर. मग पान कोण उलटणार? ते काम बायकोचं. तिला स्वरलिपी वाचता येत नाही. पानाच्या शेवटी आलो की मी हनुवटी वर करायचो, ती पान उलटायची. मधल्या वेळात मांडीवर ताटली घेऊन लसूण सोलायची. अख्ख्या दिवसात आम्ही दोघं शेजारी बसायचो ते एवढंच.

पुढे लोकांना सगळं फोनवर फुकट मिळायला लागलं. मासिक आधी बारीक झालं, मग एक महिना आड यायला लागलं आणि शेवटी अंकात चौकट आली: यापुढे आपण इंटरनेटवर भेटू. पेपरवाला म्हणाला, "राव, माझ्याकडून तुम्ही एकटेच घेत होता. मला वाटायचं, तुमच्यासाठीच छापतात."

लेकीने टॅबलेट आणून पेटीवर टेकवला. स्वरलिपी आपोआप वर सरकत होती. "पप्पा, आता आईला अडकून बसायला नको."

बायको हसली आणि ताटली घेऊन स्वयंपाकघरात गेली. मी वाजवत राहिलो, सवयीने उजवीकडे हनुवटी वर करत राहिलो. तिथे नुसता सोफा.

काही दिवस तसेच रेटले. मग एका संध्याकाळी मी ते आपोआप सरकणं बंद केलं आणि हाक मारली, "अगं, हे बिघडलंय. बोटाने सरकवावं लागतंय."

ती आली. आधी स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बिघडलं नाही, बंद केलंय कोणीतरी. खालचं बटण दाबलं की चालू होतं. आमच्या भजनी मंडळात सगळ्या बायका भजनाचे शब्द वाचायला हेच वापरतात."

मी उगाच भाता हलवत राहिलो.

बटण तिने दाबलं नाही. "सरका जरा," म्हणाली आणि शेजारी टेकली. लसणाचं बोट ओढणीला पुसून स्क्रीनच्या कडेला ठेवलं.

"करा सुरू. आणि हळू, शेजारचं बाळ आत्ताच झोपलंय."