चौकटीवरच्या रेघा

तुमच्या घरी कोणी न सांगता आलं, तर तुम्ही आधी काय लपवता? खरं सांगा. खुर्चीवरचे कपडे, मोरीतली भांडी, फार तर नवऱ्याशी चाललेलं भांडण. मावशीनं काय लपवलं ते ऐका.

ती हॉटेलात खोल्या साफ करते. चौदा वर्षं झाली. तिथं सगळे तिला मावशीच म्हणतात, पण खरीखुरी मावशी ती एकाच पोरीची. बहीण गेली तेव्हा चार वर्षांची भाची हिच्या कडेवर आली, ती आता सहाची झाली. कागदावर मात्र पोर अजून हिची नव्हती. बालकल्याण कार्यालयातली माणसं घर बघून जाणार, मग निकाल. कधी येणार, ते सांगायची तसदी कोण घेतो?

त्या दिवशी मावशीची सुट्टी होती, पोर शाळेत. अकराला फोन वाजला. "जवळच आहोत. वीस मिनिटांत पोचतो."

मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं शेजारणीचं दार वाजवलं. शेजारीण शाळांचे गणवेश शिवते, तोंडात कायम टाचण्या.

"बाया येतायत घर बघायला."

"येऊ देत की. गिळतात का काय?"

"घराचा उकिरडा झालाय गं."

"पोराबाळाचं घर आहे, दवाखाना नाही," शेजारीण म्हणाली, पण टाचण्या काढून मदतीला आलीच.

हॉटेलात पहिल्याच दिवशी सुपरवायझरनं एक धडा दिला होता: नव्या गिऱ्हाइकाला वाटलं पाहिजे, या खोलीत आजवर कोणी झोपलंच नाही. उशीवर केस दिसला, तर सगळी खोली पुन्हा पहिल्यापासून. चौदा वर्षांत तो धडा हाडात मुरला होता. भीतीनं डोकं बंद पडलं आणि हात आपले चालू झाले.

चादर अशी ताणली की सुरकुती औषधाला नाही. पलंगाखालचे मोजे, तंगडी तुटलेली बाहुली, रंगीत खडू, केसांच्या पिना, अर्धवट खाल्लेलं बिस्किट, चिमुकल्या चपला, दांडीवरचे फ्रॉक, सगळं एका पोत्यात. पोतं शेजारणीकडे. भिंतीवर खडूचं तीन पायांचं मांजर होतं, ते ओल्या फडक्यानं गेलं. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या पाच रेघा होत्या, पोर दर वाढदिवसाला आणि मधेच हट्टानं उंची मोजून घ्यायची. त्याही मावशीनं साबण लावून घासल्या. हात थांबलेच नाहीत.

शेजारीण गणवेश पोचवायला निघून गेली, आपल्या दाराला कुलूप लावून. आणि कार्यालयातल्या दोघी बाया आल्या.

थोरल्या बाईंनी चष्मा वर केला. "छान आहे हो घर. अगदी हॉटेलसारखं."

मावशी दोन वर्षांत पहिल्यांदा मनापासून हसली.

"मुलगी झोपते कुठं?"

"या पलंगावर. माझ्याजवळ."

"तिचे कपडे? खेळणी?"

मावशीनं तोंड उघडलं. "शेजारी ठेवलेत."

"शेजारी राहते का ती?"

"नाही हो. पसारा दिसू नये म्हणून..." ती धावत शेजारी गेली. कुलूप. ते तिनं दोनदा ओढून पाहिलं. परत येऊन म्हणाली, "एकला शाळा सुटते. थांबाल? तिलाच विचारा."

"आज अजून चार घरं आहेत, बाई," धाकटी म्हणाली. वाईट नव्हती ती, घाईत होती. थोरलीनं लिहिलं आणि नियमाप्रमाणे वाचूनही दाखवलं: घरात मुलाच्या वास्तव्याच्या खुणा आढळल्या नाहीत.

नऊ दिवसांनी पत्र आलं. पुढचा निर्णय होईपर्यंत पोर संस्थेत. न्यायला गाडी आली तेव्हा मावशीनं तेच पोतं पुन्हा भरलं, गाठ मारली आणि उचलून दिलं.

अर्ज दिलाय, शेजारीण साक्षीला आहे, तारखा पडतायत. मावशी कामावरून आली की चौकटीपाशी बसते. लाकडावर नखानं चाचपते, पेन्सिलीचा दाब कुठं उरलाय का ते. काही लागत नाही. हात फार चोख आहे तिचा.

तुमच्यापैकी कोणाच्या हातात असा फॉर्म असेल, तर एक करा. गरिबाचं घर आरशासारखं दिसलं, तर पेन खाली ठेवा आणि शाळा सुटेपर्यंत तिथंच थांबा.