वेणीची सावली

सदाशिव पेठेतल्या माझ्या छोट्या एक्स-रे सेंटरमध्ये डिजिटल यंत्र आलं, तेव्हा मला त्याचा रागच यायचा. फिल्मच्या काळात चूक लपत नसे. किरण जास्त झाले की फिल्म काळी, कमी झाले की पांढुरकी. आता कॉम्प्युटर सगळं सांभाळून घेई आणि चित्र लग्नाच्या अल्बमसारखं गुळगुळीत करून देई. छान दिसणं वेगळं आणि खरं दिसणं वेगळं, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत असे. कोणी फारसं ऐकत नसे.

एकदा खडकीहून एक मुलगी आईबरोबर आली. तिला हिंजवडीत नोकरी लागली होती, पण रुजू होण्याआधीच्या तपासणीत, दुसरीकडे काढलेल्या एक्स-रेत, फुप्फुसाच्या वरच्या टोकाला डाग दिसला. टीबीची शंका, म्हणून नोकरी अडकली. मुलगी बाकाच्या एका टोकाला बसली, आईला तिने दुसऱ्या टोकाला बसवलं. मी चहा मागवला, तर तिने पिशवीतून स्वतःचा कप काढला.

"घरीपण ताट वेगळं केलंय हिनं," आई म्हणाली. "मला जवळ येऊ देत नाही, मॅडम."

मी जुनी प्रिंट उजेडावर धरली. इतकी देखणी होती की संशयच आला. बरगड्यांच्या कडासुद्धा मऊ झालेल्या. आणि डाग फुप्फुसाची हद्द ओलांडून वर मानेपर्यंत गेलेला. आजार असा चढत नाही. मी मुलीकडे पाहिलं. तेल चोपडलेली जाड वेणी खांद्यावरून पुढे आली होती.

"तेव्हाही वेणी अशीच होती?"

"मीच घातली होती, घट्ट," आई घाबरून म्हणाली. "चांगल्या कामाला जायचं म्हणून. चुकलं का काही?"

"अहो, तुमचं काय चुकणार! वेणी बाजूला घ्यायला सांगायचं काम एक्स-रे काढणाऱ्यांचं होतं."

केस डोक्यावर बांधायला लावून मी पुन्हा एक्स-रे काढला आणि यंत्र चित्र गुळगुळीत करतं, ते होईल तितकं कमी ठेवलं. चित्र जरा खरखरीत आलं. डाग नव्हता. जुन्या प्रिंटमध्ये केसांच्या रेघा पुसल्या जाऊन नुसती डागासारखी सावली उरली होती.

दोन्ही चित्रं शेजारी ठेवून मी त्यांना दाखवली. मला मनापासून आनंद झाला होता. मुलगी मात्र स्क्रीनकडे बघतच राहिली. तिचा विश्वास बसेना.

आई उठली. ती बाकाच्या मुलीकडच्या टोकाला गेली, मुलीचा कप उचलला आणि त्यात उरलेला गार चहा पिऊन टाकला.