सत्तारचाचांचा भोंगा

सत्तारचाचांना कुणाच्या कानात बोलणं जमतच नसे. "तुझी चेन उघडी आहे" एवढंच सांगायचं असलं, तरी ते टेम्पोवरचा भोंगा चालू करत, माइकवर दोनदा फुंकर मारत आणि जुळे सोलापूरच्या तीन कॉलन्यांना ऐकू जाईल असं सांगत. मी त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकला तो मैदानात पाऊल टाकताना. "निळा शर्ट! हां, तूच! थुंकलास त्याच्यावर माती टाक!" निळा शर्ट माझा होता. मी इतका घाबरलो, की थुंकलो नव्हतो अशा आणखी चार जागांवरही माती लोटली.

मी केमचा, रेल्वे स्टेशनच्या गावचा. शाळा नववीत सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली. मग सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात मागावर लागलो. शाळेत माझं नाव पुकारलं, की मी चप्पल काढायचो. पुढं बाकावर उभं राहायचंच असायचं. टेनिस बॉल मात्र माझ्या हातातून असा सुटायचा, की बॅटवाला आधी चुकायचा आणि मग बघायचा. कारखान्याच्या टीममध्ये बॉलरांच्या यादीत पहिलं नाव माझं होतं : दत्ता. जन्मात कुठल्या यादीत मी पहिला आलो तो तिथंच. पुढची सगळी भानगड त्या नावाचीच आहे.

आठ टीमांची ती लीग चाचांनी उभी केलेली. आठवडाभर ते टेम्पोतून टॉवेलचे गठ्ठे वाहायचे आणि रविवारी त्याच टेम्पोच्या टपावर खुर्ची टाकून अध्यक्ष व्हायचे. कॉमेंट्रीही तेच करायचे, न्यायनिवाडाही तेच. मैदानात कुणी शिवीगाळ केली, हात उचलला, तर फैसला तिथंच, सगळ्या पब्लिकसमोर. ज्यानं केलं त्यानं टपावर चढायचं आणि काय केलं, कुणाला केलं, हे माइकवर स्वतः सांगायचं. का केलं, हे सांगायला लागला, की चाचा माइक ओढून घेत. "वजह घर पे रख, मियाँ. केलेलं तेवढं सांग." आणि पंचाशी वाकडं वागणाऱ्याला शिक्षा एकच : पुढच्या मॅचला त्यानं स्वतः पंच व्हायचं. "घरी बसवलं तर पोरगं झोपतंय की," चाचा म्हणायचे. "पंच करा. उन्हात उभं राहून शिव्या खाल्ल्या की कळतंय."

तर सेमीफायनलच्या आधीच्या मॅचमध्ये मी श्रीनूअण्णांना ढकललं.

श्रीनूअण्णा म्हणजे आमचे पंच, तेलुगू विणकरांच्या घरातले, पन्नाशीचे, मुंगीलाही वाट देणारे. मी दांडी उडवली आणि त्यांनी नो-बॉल दिला. मला काय झालं कोण जाणे, मी दोन्ही हातांनी ढकललं. अण्णा मागं गेले ते थेट रेषा आखायच्या फक्कीच्या पोत्यावर. उठले तेव्हा चष्म्यासकट पांढरेफेक. पब्लिक हसलं. अण्णाही तेलुगूत काहीतरी पुटपुटत हसले, मग टेम्पोपाशी जाऊन तक्रार देऊन आले. फक्त मी हसत नव्हतो. माझं नाव आता यादीतून जाणार, एवढंच मला दिसत होतं.

आमचे शेठ लगबगीनं टेम्पोपाशी गेले. "चाचा, पोरगं नवीन हाय. चौघांत बसून मिटवू. ऑफिसात चहा घेऊ."

चाचांनी टपावरूनच, अर्थात माइकवर, उत्तर दिलं. "शेठ म्हणतात ऑफिसात मिटवू! ढकललं मैदानात, मग ऑफिसात काय चादर विणायची?"

शेठ गर्दीत असे विरघळले, की पुढचा आठवडाभर दिसले नाहीत. मी टपावर चढलो. पाय लटलट कापत होते, आणि माझ्यामुळं टेम्पोही. "मी अण्णांना ढकललं," म्हणालो. "पण तो नो-बॉल..." माइक गेला.

"पुढच्या रविवारी सकाळची सेमीफायनल तू बाहेर," चाचा म्हणाले. "दुपारच्या सेमीला तू पंच. नीट केलंस तर फायनल खेळ. नाय केलंस तर नाव कट."

त्या रविवारी सकाळी आमची टीम माझ्याशिवाय जिंकली. ह्याचं मला जे दुःख झालं, ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. दुपारी मी पांढरी टोपी घालून उभा राहिलो. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला श्रीनूअण्णा. पहिल्या ओव्हरमध्येच पब्लिकनं माझे डोळे काढले, दुसरीत गाव काढलं. "ए केम! रेल्वे सोडून हितं कुटं आलास?" मला तर स्टंपांमागं लपता आलं असतं तर बरं वाटलं असतं.

आणि मग इरफान रन-आउट झाला. इरफान म्हणजे चाचांचा नातू, डोळ्यांचा तारा. बॅट रेषेच्या बाहेर होती, ढळढळीत. मी बोट वर केलं.

भोंगा कडाडला. "अबे अंधे! डोळे केममध्ये ठेवून आलास क्या रे? बकरी बी ह्याच्यापेक्षा चांगली पंचगिरी करंल!"

भेळवाल्याचा चमचासुद्धा थांबला. लीगच्या अध्यक्षानं पंचाला शिवी दिली होती, तीही स्वतःच्या भोंग्यावरून.

नियम असा होता, की तक्रार पंचानं करायची. म्हणजे मी. ज्याच्या हातात माझं नाव, त्याच्याविरुद्ध! अण्णा हळूच जवळ आले.

"दत्ता, बोल रे."

"अण्णा, नाव कापतील ना माझं."

"मग मी मागच्या रविवारी गप बसायला पायजे होतं की."

मी टेम्पोकडं गेलो. तेवढं अंतर मला केमपर्यंतच्या रस्त्यासारखं वाटलं. मान खाली घालूनच म्हणालो, "चाचा, तुमी पंचाला बोललात. तक्रार हाय."

चाचा उठून उभे राहिले, टोपी सारखी केली, माइकवर दोनदा फुंकर मारली. "मी सत्तार. मी पंचाला अंधा म्हटलं. बकरी म्हटलं." थांबले. तोंड उघडलं, मिटलं. नातू आउट झाल्याचं कारण जिभेवर आलेलं मला खालून दिसत होतं. ते त्यांनी गिळलं. "फायनलला मी पंच. टपावर इरफान बसंल."

असा जल्लोष मी नंतर फायनलमध्येही ऐकला नाही.

फायनलला सगळं सोलापूर लोटलं असावं, कारण अध्यक्षाला शिव्या द्यायची संधी कुणालाच सोडायची नव्हती. इरफानची टीम सेमीतच हरली होती; टपावरून त्यानं सुरुवात केली, "आजचे पंच, आमचे गुन्हेगार दादाजान!" चाचांचे गुडघे दुखत, म्हणून ते दर ओव्हरला अण्णांचा खांदा धरून चालत. बायका कॉलनीच्या गच्च्यांवरून ओरडत होत्या, "चाचा, चष्मा लावा!" चाचा कमरेत वाकून सलाम ठोकत होते. मी आयुष्यात एवढा हसलो नव्हतो.

शेवटी समोरच्या टीमची एकच विकेट राहिली आणि त्यांना दोन रन हवे होते. बॉल माझ्या हातात. मी जीव खाऊन टाकला आणि मधली दांडी उडाली. आमचा कॅप्टन बाळू माझ्या पाठीवर चढला, ढोल सुरू झाले.

चाचांचा हात आडवा होता. नो-बॉल.

ढोल थांबले. बाळूनं मागून माझी कंबर आवळली. "दत्त्या, हात न्हाय लावायचा! न्हाय लावायचा!" सगळं मैदान माझे हात बघत होतं. मी खाली बघितलं. फक्कीच्या रेषेपुढं वीतभर अंतरावर माझ्या टाचेचा ठसा उमटलेला.

मी बाळूला सोडवलं आणि चाचांसमोर गेलो. "चाचा, पाय पुढंच होता."

"मुझे कायकू बोलता?" चाचांनी टेम्पोकडं बोट दाखवलं. "तितं सांग."

मी टपावर चढलो. ह्या वेळी टेम्पो हलला नाही. "मी दत्ता. माझा पाय रेषेच्या पुढं होता." एवढंच. पुढच्याच बॉलला ते जिंकले, आणि तरी लोकांनी मला खांद्यावर घेतलं. कुणाच्या ते कळेना, म्हणून वाकून बघितलं तर खाली श्रीनूअण्णा, चष्मा तिरका झालेला.

पुढं मस्कतच्या गोदामात माणूस हवा आहे, असं चाचांच्या साडूनं कळवलं. नववी सोडलेल्या पोराची हमी कोण घेणार? चाचांनी घेतली. फोनवर एवढंच सांगितलं, "शिकलेला नाही. पण केलेलं सांगतो."

गेल्या महिन्यात इथं मस्कतला माझ्या हातून फोर्कलिफ्ट फरशांच्या थप्पीवर गेली. सुपरवायझरनं विचारलं, कुणी केलं? मी हात वर केला. वजह माझ्याकडं चांगली होती, तरी ती ठेवून दिली. नोकरी राहिली, पंधरा दिवस झाडू मारला.

रविवारी चाचांना फोन करून हळूच हे सांगितलं.

"थांब, थांब," चाचा म्हणाले. मागं ढोल वाजत होते, मॅच चालली असावी. मग दोनदा फुंकर ऐकू आली, आणि फोन माइकला टेकल्याचा खर्रर्र आवाज. "हां, आता बोल!"

मी समुद्रापलीकडच्या गोदामात, फरशांमध्ये उभा राहून तीन कॉलन्यांना सांगितलं, की मी दत्ता, मी मस्कतमध्ये फरशा फोडल्या. टाळ्यांचा पाऊस पडला, आणि त्यातून श्रीनूअण्णांचा आवाज आला, अगदी स्पष्ट :

"नो-बॉल!"