बखरकाकांचा तर्जुमा

बखरकाकांना अमेरिकन इंग्रजीतलं अक्षरही कळत नसे, आणि तरीही इंग्रजी सिनेमा ते आम्हाला मराठीत सांगत. सारा जन्म मोडी कागद वाचण्यात गेलेला, त्यामुळे भाषाही बखरीतलीच. शहरातली, पेठेतली जागा विकून ते बाहेर मांजरी गावात आमच्या नव्या इमारतीत राहायला आले होते. केबल नुकतीच आलेली, काका एकटे, आणि मी अमेरिकेच्या घड्याळावर रात्रपाळी करणारा संगणकवाला. दुपार दोघांचीही मोकळी असे.

त्यांना युद्धपट आवडत, पण ठरावीक जातीचे. नावाला महायुद्ध, बाकी सगळा थाट काउबॉयचा: दाढी वाढवलेले शिपाई, वाळवंट, तोंडात चिरूट, शिट्टीवरचं संगीत, आणि गोळी सुटण्याआधी पडदाभर नुसते डोळे. "एवढ्या वेळात आमच्याकडे हळदीकुंकू उरकतं," काका म्हणत. "आणि हे सैनिक नव्हेत हो, पेंढारी. सोनं दिसलं की लढाई विसरले." मग बघता कशाला, असं मी एकदा विचारलं. "माणसं बोलतात कमी. तर्जुमा सोपा जातो."

तिसरी प्रेक्षक आक्का. आमची इमारत तिच्याच उसाच्या रानावर उभी होती. बदल्यात मिळालेल्या फ्लॅटमध्ये ती राही. घरचा टीव्ही बंद ठेवून ती काकांकडे येई. "माझा टीवी काय बी सांगत न्हाई," असं तिचं म्हणणं. एकुलता एक मुलगा, संजू, फौजेत होता. त्याला त्या वर्षी सीमेवर पाठवलं होतं.

पडद्यावर कोणी गोळी लागून पडला, की काका सांगत, "कामी आला." लढाईत मेलेल्याला बखरीत असंच म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आक्कानं विचारलं, "कामी आला म्हंजी? मेला?" काकांनी तिच्याकडे पाहिलं. "छे हो. म्हणजे धन्याच्या उपयोगी पडला. उठेल नंतर." आणि योगायोग असा, की चार दिवसांनी दुसऱ्या सिनेमात तोच नट घोड्यावर बसून आला. आक्का खूश झाली. तेव्हापासून कोणी पडला की काकांच्या आधी तीच म्हणे, "कामी आलं बघा पोरगं." काका मान डोलवत. मला गंमत वाटायची.

आक्काकडे फोन नसल्यानं संजूनं पलटणीत काकांचा नंबर दिलेला होता. एका सकाळी मी पाळीवरून परतून काकांकडे चहा घेत होतो, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता. काका "जी, जी" म्हणत राहिले आणि रिसीव्हर ठेवून तसेच उभे राहिले. दार उघडंच होतं. आक्का मेथीची जुडी घेऊन आत आली.

काका म्हणाले, "आक्का, संजू कामी आला."

"आता गं बया," आक्काचा चेहरा फुलला. "सायबाच्या उपयोगी पडला व्हय? गुणाचं हाय माझं लेकरू. काका, साखर हाय का घरात?"

एवढं भयंकर काही मी आजवर ऐकलं नव्हतं. काका म्हणाले, "आक्का, तो गेला."

"कुठं? बदली झाली?"

ज्या माणसानं मेलेल्या उंदरालाही कधी "मेला" म्हटलं नसेल, त्याला आईच्या तोंडावर तो शब्द उच्चारावा लागला. "मेला, आक्का. आपला संजू मेला." तिनं जुडी टेबलावर नीट ठेवली आणि मग खालीच बसली.

दिवसकार्य झाल्यावर एका दुपारी ती पुन्हा आली, नेहमीच्या जागी बसली. काकांनी टीव्ही लावलाच नव्हता. "लावा की," ती म्हणाली. तसलाच सिनेमा चालू होता. वाळूत एक कोवळा शिपाई पडला.

"मेला न्हवं?" आक्कानं विचारलं.

"मेला."

पडद्यावर आता दुसरीच माणसं घोडी दामटत होती.

"त्याला आई न्हाई का?"

"असेल," काका म्हणाले. "पण दाखवत नाहीत."