वारेसंगं गेलेली साखर

त्या दुष्काळी उन्हाळ्यात मी नव्या जिल्ह्याच्या मागणीची पत्रकं वाटत जळकोटकडं फिरत होते. थोरल्या बहिणीच्या गावी उतरले, तर अक्का टँकरच्या गर्दीतून बाजूला होऊन भिंतीला टेकलेली. हात छातीवर.

"काय न्हाई गं, ऊन लागलंय," ती म्हणाली. "तुझा जिल्हा झाला का? झाला की नळाला पाणी येतंय म्हनं!"

हसताना तिला धाप लागली. असं बरेच दिवस चाललं होतं, आणि गावातल्या डॉक्टरनं पित्ताच्या गोळ्या दिल्या होत्या. बाप्याच्या छातीत दुखलं की जीप काढतात. बाईच्या छातीत पित्तच असतं!

मी लातूरला न्यायचं म्हटलं तशी तिची सासू कडाडली, "मोर्चावाली आली! आता माझ्या घरात बी मोर्चा काढ." पण एसटीत तीच अक्काला पदरानं वारा घालत बसली. अक्काच्या अंगाला गार घाम सुटला होता.

दवाखान्यात छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, रक्त तपासलं. साखर भलतीच वाढलेली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पोटुशी असताना साखर होती का?"

"होती की, दोन्ही खेपंला," सासू म्हणाली. "पण वारेसंगं गेली. बाळाची वार दवाखान्यातनं मागून आनली अन् म्या सोता परसात पुरली."

बाळंतपणानंतर साखर उतरते, हे खरं. पण अशा बाईला पुढे मधुमेह गाठू शकतो, हृदयाचा धोका वाढतो. तिला वर्षा-दोन वर्षांनी तपासत राहायला हवं. हे सांगणं कुणाचं काम होतं? पोरांचे डोस चुकले की नर्सताई घरी यायच्या. पोरांच्या आईची चौकशी करायला एवढ्या वर्षांत कुणी उंबरा चढलं नाही. मला ओरडायचं होतं. पण समोर नेमक्या त्या एकट्या डॉक्टरीणबाई होत्या, ज्यांनी निदान विचारलं तरी.

झटका आधीच येऊन गेला होता. हृदयाचा काही भाग कायमचा निकामी झाला होता. "आणखी लवकर आणायला हवं होतं," त्या हळूच म्हणाल्या.

सासू पलंगाच्या पायथ्याशी खाली बसली. अक्का माझ्याकडं वळली.

"सांगितलं असतं तर तपासायला आले असते की गं," ती म्हणाली. "मी कवा न्हाई म्हनलं होतं?"

एवढं बोलायलाही तिला मधे थांबून श्वास घ्यावा लागला.