‘पारा’चे मूळ गायक

गौरव समितीने मला गोड लिहायला सांगितले आहे. गोड मला डॉक्टरांनी केव्हाच बंद केले, आणि सत्काराची कार्यक्रमपत्रिका हाती पडल्यापासून तर तोंडाची चवच गेली आहे. तरी गौरवाचा लेख आहे, म्हणून रीतीप्रमाणे पहिल्या भेटीपासून सुरुवात करतो.

आमचा ‘ऐरण’ हा हेवी मेटल बँड वर्ध्यातला. गिटारवर राजाभाऊ, बेसवर त्यांचे धाकटे भाऊ आणि ड्रमवर मी. आमचे पहिले गायक अजयराव नोकरीसाठी पुण्याला गेले, तेव्हा बँड चांगला जुना झाला होता. सगळे नाव अजयरावांच्या गळ्यावर उभे आहे, असे लोक म्हणत. नवा गायक शोधायला निघालो, तर माझ्या हार्डवेअरच्या दुकानामागच्या गोदामात केस वाढवलेली कितीतरी पोरे येऊन किंचाळून गेली. मग एका सकाळी राजाभाऊंनी नाचणगावच्या खंजिरी भजन मंडळाच्या मुख्य गायकांना आणले. ते म्हणजे श्री. विनायकराव भोयर, ज्यांची साठी आपण साजरी करतो आहोत. तेव्हा ते चाळिशीला टेकले होते. वांग्यांचे कॅरेट बाजारात उतरवून तसेच आले होते. गोदामभर नजर फिरवून त्यांनी विचारले, पेटी कुठे आहे? पेटी नाही म्हटल्यावर थोडे विचारात पडले, मग चपला दाराशी काढून माइकसमोर उभे राहिले.

पहिली ओळ अशी गायले की फळीवरचे खिळ्यांचे डबे वाजले. आणि मग ते थांबले. आम्हाला वाटले, शब्द विसरले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा ओळ संपताच थांबले. आम्ही एकमेकांकडे बघत होतो, तोवर तेच आमच्यावर चिडले. “मी ओळ टाकली. तुमी उचलून काऊन नाई राह्यले?”

त्यांच्या मंडळात मुख्य गायक ओळ म्हणतो, मागे बसलेले ती उचलतात, आणि मागच्यांनी उचलल्याशिवाय तो पुढे जात नाही. हेवी मेटलमध्ये मागे म्हणायला कोणी नसते, हे त्यांना सांगायचे राहूनच गेले होते. आम्ही तिघे ठार बेसूर, पण त्यांच्या धाकाने ओरडलो. ते खूश झाले आणि गाणे पुढे सरकले. ‘पारा’ हा आमचा अल्बम त्या गैरसमजावर उभा आहे, आणि आम्ही केलेले सर्वांत चांगले काम तेच आहे, हे मी छातीठोकपणे सांगतो.

नागपूरच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण करणाऱ्या गृहस्थांनी ऐकणाऱ्यांनी ओळ उचलावी म्हणून मागे सोडलेल्या रिकाम्या जागा छाटायला सुचवले. विनायकरावांनी आवाजसुद्धा चढवला नाही. जागा छाटायच्या असतील तर मी पुलगावच्या गाडीने घरी जातो, एवढेच म्हणाले. जागा राहिल्या.

अल्बम आला तेव्हा आपल्यापैकीच कित्येकांनी त्यांना ‘बदलीचे बुवा’ म्हटले. वर्ध्यातल्या पहिल्या कार्यक्रमात पोरे अजयरावांच्या नावाने ओरडत होती. विनायकरावांनी ओळ टाकली आणि थांबले. समोरून एक आवाज नाही. त्यांनी तीच ओळ पुन्हा टाकली, आणखी एकदा टाकली. मी ड्रमवर घामाने निथळत होतो, ते मात्र शेतात पाणी सोडून बसलेल्या माणसासारखे निवांत उभे. शेवटी मागच्या बाजूने कोणीतरी ओळ उचलली, मग त्याच्या शेजारच्यांनी, आणि कार्यक्रम संपेपर्यंत सगळे मैदान त्यांच्या मागे म्हणत होते. आज ‘पारा’च्या आठवणीने ज्यांचे डोळे पाणावतात, ते त्या दिवशी हाताची घडी घालून उभे होते. मी ड्रमवरून सगळे बघत होतो.

त्यांच्या माणुसकीबद्दल एकच सांगतो. पुढे माझा उजवा हात मोडला आणि सावंगीला दवाखान्यात पडून राहावे लागले. कार्यक्रम तोंडावर आला होता. आयोजकांनी नागपूरचा ड्रमर ठरवला आणि राजाभाऊही हो म्हणण्याच्या बेतात होते. विनायकराव पालकाच्या जुड्या घेऊन माझ्या खाटेशी आले आणि बसता बसता म्हणाले, “बदलीवाल्याले कसं लागते ते मले ठाव हाये. तुह्या जागेवर कोणाले बसू देत नाई.” कार्यक्रम पुढे ढकलावा लागला. आयोजकांच्या शिव्या त्यांनी खाल्ल्या, मी नाही.

आता कार्यक्रमपत्रिकेकडे येतो. तीत छापले आहे की विनायकरावांना शाल व श्रीफळ देण्यात येईल आणि त्यानंतर ‘पारा’मधील गाणी ‘मूळ गायक’ सादर करतील. मूळ गायक म्हणून नाव अजयरावांचे. अहो, ‘पारा’तली एकही ओळ अजयराव गायलेले नाहीत. ज्यांनी ती गाणी जन्माला घातली त्यांना खुर्चीत बसवून त्यांच्यासमोर ती दुसऱ्याच्या तोंडून ऐकवायची, याला सत्कार म्हणत असाल तर अपमान कशाला म्हणता? समितीतले एक सद्गृहस्थ मला म्हणाले की लोकांना ओळखीचा चेहरा हवा असतो. माझा संताप तेव्हा झाला आणि अजून उतरलेला नाही.

मी नाचणगावला गेलो. विनायकराव शेतात वांगी तोडत होते. लोकांना जे पाहिजे ते होऊ द्या, मी शाल घेऊन गुपचूप बसतो, असे म्हणाले. वाफ्याकडे बघून बोलत होते. ते माझ्या जिव्हारी लागले. ते गाणार नसतील तर मी ड्रमला हात लावणार नाही, असे मी तिथेच सांगितले. मग अजयरावांना फोन लावला. ते बिचारे आधीच ओशाळले होते. “ते गाणे मले येतच नाई, बावा. मी मागे उभा राहून म्हणतो,” म्हणाले. फोन विनायकरावांना ऐकू जाईल असाच धरला होता. त्यांनी वांगी टोपलीत टाकली, हात झटकले आणि एवढेच विचारले, “समोरचे म्हणतीन का पण?”

समितीने पत्रिका बदलावी, न बदलावी. विनायकराव गाणार आहेत. त्यांना उदंड आयुष्य लाभो, त्यांचा गळा आणि त्यांची शेती अशीच शाबूत राहो, आणि आमच्या गोदामाच्या दाराशी त्यांच्या चपला आणखी पुष्कळ वर्षे दिसोत. त्या संध्याकाळी ते पहिली ओळ टाकतील आणि थांबतील. तुम्ही उचलेपर्यंत ते पुढे जाणार नाहीत, आणि त्यांना घाई नसते हे तुम्ही एकदा पाहिले आहे. तेव्हा गळा साफ करून या.